हरेल त्याने चटई ओढायची

वॅलमाय क्राउस तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कधीच कामातून गेलेले, तरी गावच्या तिन्ही टेनिस कोर्टांवर पहाटे तीच पाणी मारायची आणि तीच रोलर फिरवायची. कोर्टं वारुळाच्या मातीची. माळावरची लाल वारुळं फोडून, चाळून, चोपून तिच्या सासऱ्याने ती केली होती. आठवडाभर हयगय झाली की भेगा पडल्याच म्हणून समजा.

आता कोर्टांची किल्ली कुणाच्या हाती द्यायची, हाच तिच्या जिवाला घोर होता. गाव एकच नाव घेत होतं: केरिन ब्रेमर.

केरिन याच गावची. पुढे जगज्जेती झाली, आणि पंचांशी भांडण्यात नि रॅकेटी फोडण्यात त्याहून जास्त गाजली. खेळ सोडल्यावर मात्र बाई बदलली म्हणे. ज्या ज्या पंचाला वाटेल ते बोलली होती, त्या प्रत्येकाला तिने स्वतःच्या हाताने पत्र लिहून माफी मागितली. एक जुनी व्हॅन घेतली आणि जिथे कुणी शिकवणारं नाही अशा गावांतल्या पोरांना फुकट शिकवत फिरू लागली. आता तिला इथेच राहून शिकवायचं होतं.

"पत्रं काय, मीही लिहीन," वॅलमाय खाटीक गार्थला म्हणाली होती. "सोळाव्या वर्षी तीन नंबरच्या कोर्टावर हरली, रॅकेट कुंपणापार भिरकावली नि तरातरा निघून गेली. चटई कुणी ओढली? मी!"

गावचा नियम साधा. हरेल त्याने काथ्याची जड चटई कोर्टभर ओढून माती सारखी करायची, रेघा झाडायच्या, मगच चहा. यातून महापौरही सुटला नव्हता.

शनिवारी केरिन आली. केस पिकलेले, चेहरा हसरा. जोडीदार टोपीतल्या चिठ्ठीवर ठरायचे. तिच्या वाट्याला नेमका गार्थ आला, साठीचा, पोट चार पावलं पुढे. समोर शाळेतल्या दोन पोरी, नुसत्या भिंगऱ्या. केरिनचा खांदाही आता पूर्वीचा राहिला नव्हता. तरी तिने धावून धावून सामना बरोबरीला आणला, आणि ऐन शेवटी गार्थच्या दोन्ही सर्व्हिस कुंपणाबाहेर गवतात गेल्या. सामना गेला. सगळ्यांनी श्वास रोखले.

केरिन क्षणभर हातातल्या रॅकेटकडे बघत राहिली. मग खो खो हसत सुटली.

"गार्थ, जाळीवरून तर गेली ना! सकाळपासून पहिल्यांदाच!"

"जगज्जेतीला हरवायचं म्हणजे माझ्यासारखाच गडी लागतो, बाई," म्हणत गार्थ लॅमिंग्टन केकच्या ताटाकडे वळला.

लोकांनी केरिनला गराडा घातला. कुणी चहाला बोलवतंय, कुणी फोटोला. वॅलमाय बाकावरून हलली नाही. खिशातली किल्ली तिने गच्च धरली होती. चटई न ओढता जाऊ नकोस गं, ती मनात म्हणाली, आणि आपल्याला हे इतकं हवंय याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

केरिनने गार्थची कॉलर पकडली. "निघालास कुठे? रेघा कोण झाडणार, तुझा बाप?"

गार्थ कुरकुरत झाडू लागला. केरिनने चटईची दोरी खांद्यावर घेतली आणि कडेकडेने गोल फिरत, आत आत येत, सगळं कोर्ट सारखं केलं. मग तीच चटई फाटकातून तीन नंबरवर नेली.

"अगं ए, तिथे आज कुणी खेळलं नाही!" वॅलमाय ओरडली.

"माझं राहिलंय तिथलं, मिसेस क्राउस. चौतीस वर्षं झाली."

इतका आनंद वॅलमायला कित्येक वर्षांत झाला नव्हता. ती गुडघे सावरत उठली, कुंपणाशी गेली आणि तिने डोळे पुसून कोर्ट नीट निरखलं.

"तो पलीकडचा कोपरा सुटलाय," ती खेकसली. "आणि ही घे किल्ली. पाणी पहाटे पाचला मारायचं, ऊन चढायच्या आत."

केरिनने किल्ली घेतली नाही. आधी मागे फिरून त्या कोपऱ्यात चटई ओढून आली.