पखवाजाला चार हात

परंड्याच्या पेठेत महालिंगप्पांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. लिंगायत वाण्याचा पोरगा, पण गादीवर बसून गूळ जोखायचं सोडून कातडं ओढत बसला. पखवाज, ढोलकी, संबळ, जे फाटेल ते मढवायचं, जन्मभर हेच काम. गाणाऱ्यांची नावं लोक अजून घेतात. त्यांची वाद्यं कुणी बोलती ठेवली, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. म्हणून मी सांगतो.

ही विद्या त्यांना मांगवाड्यातल्या बलभीमदादांनी शिकवली. वडिलांना, कल्याणप्पांना, ते सोसलं नाही.

"गळ्यात लिंग आन् हातात कातडं?"

"मठात पखवाज वाजतो, तो काय केळीच्या पानानं मढवलाय व्हय?"

त्या दिवशी बापलेक वेगळे झाले.

सेहेचाळीस साल. निजामाचं राज्य, चार माणसं जमली की ठाण्यातून विचारणा. भजनाला तेवढी सूट, म्हणून अख्खी पेठ मठात जमायची. शिवरात्र तोंडावर आली आणि मठाच्या पखवाजाचं डावं तोंड फाटलं. मठाचं वाद्य बाहेर न्यायचं नाही, हा रिवाज. बार्शीहून कारागीर आणावा, तर बार्शी इंग्रजी मुलखात, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. शेवटी पंच महालिंगप्पांच्या दारात आले. पुढं कल्याणप्पाच, कारण भजनाचे म्होरके ते.

"मठात येऊन मढवून दे."

"येतो. बलभीमदादा संग येतील."

"ते कशाला?"

"पखवाजाची वादी, ही कातड्याची पट्टी, एकट्यानं वढवत न्हाय. एकानं धरायचं, दुसऱ्यानं वढायचं. आमी दोघं तसंच करत आलो."

"धरायचंच हाय ना? मी धरतो," एक पंच पुढं झाला.

महालिंगप्पांनी बादलीतलं भिजलेलं कातडं त्याच्यापुढं केलं. "घ्या."

पंचानं नाक मुरडलं आणि हात उपरण्यात घातले.

"मग दोघांना बोलवा, न्हायतर नुसत्या टाळांवर भजन करा."

मठानं तोंड फिरवलं असतं तर तालुक्यात एक ढोलकी त्यांच्याकडं आली नसती. महालिंगप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी ते दारातून हलले नाहीत. बलभीमदादांना बाहेर ठेवून आत जायचं म्हणजे आपली विद्या चोरीची ठरवायची, असं त्यांचं म्हणणं.

कल्याणप्पांनी त्या बादलीकडं बघितलं. पखवाजाशिवाय शिवरात्र त्यांच्यानं सोसवली नसती.

"बलभीमला सांगावा धाडा," ते म्हणाले.

बलभीमदादा धुवट मुंडासं बांधून आले आणि भर मंडपात पखवाज मांडीशी धरून बसले. सगळी पेठ बघत होती. महालिंगप्पांनी पाय रोवून वादी ओढायला घेतली.

"जोर लाव की वाण्या," बलभीमदादा म्हणाले, "का अजून गूळच जोखतोस?"

आधी हसले ते कल्याणप्पा.

पुढं दर शिवरात्रीला मठाचा माणूस वाद्य तपासायचा निरोप घेऊन महालिंगप्पांकडं यायचा. ते आतूनच विचारायचे, "बलभीमदादाकडं जाऊन आलास का?"

न्हाय म्हटलं, तर कडी निघायची नाही.