सख्ख्या भावंडांच्या बाजूने

ॲड. नलिनीताई आठल्ये यांची माझी ओळख २००१ मध्ये नवा बालन्याय कायदा लागू झाला त्या सुमारास झाली. मी एका दैनिकात वार्ताहर होतो आणि मला कायद्यावर त्यांची प्रतिक्रिया हवी होती. "आपण कायदा वाचलात का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. "मग वाचून संध्याकाळी या." अंक लवकर छपाईला जातो, असे सांगून पाहिले. "अहो, कायदा काही फार जाडजूड नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी वाचून गेलो.

ताई तेव्हा शहराच्या बालकल्याण समितीच्या सदस्य होत्या. निराधार मुलांनी कुठे आणि कुणाकडे राहायचे, हे ही समिती ठरवते. कायदा बदलला तरी संस्थांच्या सवयी तशाच राहतात, हे ताईंना ठाऊक होते. त्यामुळे निर्णयाआधी त्या संस्थेत जात आणि मुलांच्या पंगतीत जेवत. कार्यालयातला चहा मात्र घेत नसत.

खराडीत आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. विदर्भातून तिथे बांधकामावर आलेली एक बाई आजारपणात गेली. नवरा आधीच परागंदा झालेला. मागे नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा उरला. त्यांना आपण सुमन आणि राजू म्हणू. सुमनला कात्रजच्या बाजूला मुलींच्या संस्थेत ठेवले, राजूला शहरातल्या शिशुगृहात. पुढे एक जोडपे राजूला दत्तक घ्यायला तयार झाले. दोघेही आयटीत नोकरीला, माणसे चांगली. पण त्यांना एकच मूल हवे होते. राजूला एकट्याला द्यायचे का, हे समितीला ठरवायचे होते.

शिशुगृहाच्या अधीक्षकांनी भावंडांची भेट घडवली आणि दोघांत विशेष जिव्हाळा दिसला नाही, असा अहवाल दिला.

"भेट कुठे झाली?" ताईंनी विचारले.

"माझ्या केबिनमध्ये, मॅडम. मी आणि समुपदेशक हजर होतो. खुर्च्या दिल्या, बिस्किटे दिली. दोघेही गप्प."

"तुम्ही मुलगी बघायला गेला होतात, तेव्हा किती बोललात हो?"

"जेमतेम नाव विचारले."

"म्हणजे तुमच्या संसाराबद्दलही असाच अहवाल गेला असता."

पुढची भेट स्वयंपाकघरामागच्या पडवीत झाली. भावंडांपुढे मटाराच्या शेंगा ठेवल्या आणि मोठी माणसे आत गेली. थोड्या वेळाने सुमनचा आवाज चढला, "ए येड्या, दाना नाकात काऊन घालतं? मायनं मारलं होतं ना मांगं!" पाठोपाठ राजूचे खिदळणे.

राजूला एकट्याला द्यायचे नाही, असे ठरले. नकार पत्राने कळवता आला असता. ताई स्वतः त्या जोडप्याच्या घरी गेल्या. नवरा चिडला. "आम्ही त्याचं काय वाईट केलं असतं?"

"काहीच नाही. पण तो आधीच कुणाचा तरी भाऊ आहे."

राजूचे एक चांगले घर हुकले, हे ताई आजही नाकारत नाहीत. मुलींच्या संस्थेने अपवाद म्हणून त्याला ठेवून घ्यावे, यासाठी त्यांना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. नियमांच्या मसुद्यावर सूचना मागवल्या गेल्या, तेव्हा भावंडांना शक्यतो वेगळे करू नये आणि त्यांच्या भेटीत कुणी कान देऊन बसू नये, असे त्यांनी सुचवले. लिहायला बसवले ते त्याच अधीक्षकांना. "अडचणी तुम्हालाच ठाऊक," म्हणाल्या. त्यातले काही मान्य झाले. उरलेल्यासाठी ताईंचा पाठपुरावा चालू आहे.

सुमन आणि राजू आता खराडीतच भाड्याच्या घरात एकत्र राहतात. या लेखासाठी परवानगी मागायला गेलो, तर गीझर चालू राहिल्यावरून दोघांत अबोला होता. संमती वेगवेगळी घ्यावी लागली. ताईंना हे सांगितले.

"चूक कुणाची?"

"राजूची."

"मग बोलेल तो. जातो कुठे?"

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या नलिनीताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि अशा भांडणांच्या बातम्या त्यांच्या कानी वरचेवर पडत राहोत.