आबांच्या गाडीचे घडीव रॉड

माझे वडील फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. निवृत्त होऊन कुंडलला आल्यावर काही महिने ते द्राक्षाच्या बागेत रमल्यासारखे दिसले, आणि मग एके दिवशी एक जुनी छोटी पेट्रोल गाडी ओढत आणून त्यांनी दारात उभी केली. आईनं विचारलं, ‘‘आता ही कशाला?’’ तर म्हणाले, ‘‘हात गप बसत न्हाईत गं.’’

मी तेव्हा साताऱ्यात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवत होते. आजही तेच करते. रविवारी घरी आले की आबा गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडायचे. आधी त्यांनी इंजिन नुसतं दुरुस्त केलं. मग कार्बन काढला, मग एग्झॉस्ट बदलला, आणि शेवटी कुठूनसा एक टर्बो पैदा केला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो लावल्यावर त्या गरीब गाडीनं अशी काही उसळी घेतली की पहिल्याच फेरीत मी ओरडले आणि आबा हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

कवठे महांकाळच्या बाजूला एका माळावर हौशी लोक मातीतली शर्यत घ्यायचे. एका वेळी एकच गाडी सोडायची, रोवलेल्या झेंड्यांमधून वळणं घेत जायचं आणि वेळ मोजायची, एवढाच खेळ. आबांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं.

‘‘आवं आबा, तुम्हीच चालवा की,’’ मी म्हणाले.

‘‘मी बनवणार. पळवायचं तू.’’

त्या माळावर आमचं इंजिन फुटलं. लांब सरळ पट्टा होता. मी तिसऱ्यातून चौथा गिअर टाकून पाय दाबला आणि बॉनेटखाली कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला. काचेवर तेल उडालं, धूर झाला. मी गाडी बाजूला घेऊन खाली उतरले. आबा पळत आले. गाडीकडे न बघता आधी त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, दंड चाचपून बघितले, आणि मग वाकून खाली नजर टाकली. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूनं भगदाड पडलं होतं.

थोड्या वेळानं माळाच्या कडेनं एक धनगरबाबा आले. शर्यत बघत मेंढरं चारत होते. धोतराच्या सोग्यात काहीतरी धरलेलं होतं.

‘‘बाय, ह्ये तुमचं हाय काय? मेंढरं उधळली बगा माजी. लय मोटा आवाज केलासा.’’

सोग्यात कनेक्टिंग रॉडचा तुकडा होता. अजून गरम. पिस्टनचा धक्का क्रँकपर्यंत पोचवणारी ती दांडी, इंजिनात सगळ्यात जास्त मार खाणारा भाग. आबांनी तो तुकडा हातात घेतला, धनगरबाबांना चहा पाजला, मेंढरांची चौकशी केली. परतीच्या वाटेवर टेम्पोत तो तुकडा त्यांच्या मांडीवर होता.

कुपवाडच्या एमआयडीसीत आबांच्या दोस्ताचं मशिनशॉप होतं. तरुणपणी दोघं मिरजेत एकाच गॅरेजात काम शिकले होते. एक फौजेत गेला, दुसऱ्यानं लेथ घेतली. मी त्यांना चाचा म्हणायचे. ते आबांना ‘फौजी’ म्हणायचे आणि आबा त्यांना ‘मिस्त्री’. चाचांनी तुकडा उजेडात धरून फिरवला.

‘‘बोल्ट टिकला बघ. दांडाच वाकलाय आधी, मग तुटला. कंपनीनं दिलेला रॉड कंपनीच्या ताकदीपुरता असतो, फौजी. तू वर टर्बो बसवलास.’’

‘‘म्हंजी घडीव रॉड पायजेत.’’

‘‘घडीव पायजेत.’’

इथपर्यंत दोघांचं जुळलं. पण आबांच्या मनात वेगळंच होतं. ते म्हणाले, ‘‘मग तूच कर. ईएन चोवीस पोलादाची सळी आन, आन् कापून काढ मशिनवर. तुज्या हातचे रॉड घालून पोरगी पळंल.’’

चाचा बराच वेळ तो तुकडा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘न्हाई करणार.’’

‘‘का?’’

‘‘न्हाई म्हणलं ना.’’

आबांना ते फार लागलं. इतक्या वर्षांत त्या माणसानं त्यांना कुठल्याच कामाला नकार दिलेला नव्हता. ते चाचांच्या हातातून तुकडा घेऊन बाहेर पडले, आणि नंतर कित्येक आठवडे कुपवाडचं नाव त्यांनी काढलं नाही. आई म्हणायची, ‘‘दोन म्हातारी रुसल्याती. मधी कुनी पडू नगा.’’

मी मात्र पडले. एका रविवारी साताऱ्याहून परस्पर कुपवाडला गेले. दुकानात गार तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास होता. चाचांनी मशिन बंद केलं, स्टूल पुढं सरकवलं.

‘‘आबा चिडलेत,’’ मी म्हणाले.

‘‘चिडू दे.’’ हात पुसत ते म्हणाले, ‘‘सळी कापून आकार मी देईन गं. पण घणाखाली दाबून घडवलेलं लोखंड वेगळं. त्याचा भट्टीचा ताव वेगळा, तपासणी वेगळी. माझ्याकडं तेवढी सोय न्हाई. पाण्याच्या मोटारीचा शाफ्ट असता तर हासत केला असता. मिरजेच्या उरसात तुला खांद्यावर घेऊन फिरलोय मी. माझ्या रॉडमदी एक बारीक चीर राहिली, आन् तू त्या गाडीत बसलेली असलीस, तर?’’

त्यांनी चहा मागवला आणि आम्ही दोघांनी बिस्किटं बुडवून खाल्ली.

संध्याकाळी घरी येऊन हे सगळं मी आबांना सांगितलं. ते गोठ्यात वैरण टाकत होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग आदी सांगायचं की तसं. उगं तोंड फिरवून बसला.’’ पण पुढच्या आठवड्यात मी आले तेव्हा ते फोनवर घडीव रॉडांची चित्रं मोठी करून करून बघत होते.

मग निवडीचा खरा गोंधळ सुरू झाला. काही रॉडांचा मधला दांडा कापून बघितला तर इंग्रजी ‘एच’सारखा दिसतो, काहींचा ‘आय’सारखा. मला हलके ‘एच’ हवे होते, कारण इंजिन मोकळं फिरावं, वरच्या वेगाला गुदमरू नये. आबांना जाडजूड ‘आय’ हवे होते. ‘‘एकदा वाकलाय. आता वाकंल असा नगंच,’’ असं ते म्हणत. मी म्हणायचे, जड रॉड वेगात फिरताना स्वतःच्याच वजनानं बोल्टला ओढतो. ते म्हणायचे, मग तू वेग कमी ठेव. मी म्हणायचे, मग शर्यत कशाला? जेवणाच्या ताटावरही हेच. आई ताक वाढता वाढता एकदा म्हणाली, ‘‘स्थळ बघताना बी एवढा इचार केला नव्हता तुमी.’’

पहिल्यांदा आबांनी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून जाड रॉड मागवले. दिसायला चकचकीत होते. आबांनी आईच्या स्वयंपाकघरातला काटा शेडमध्ये नेला.

‘‘माज्या काट्यावर लोखंड जोकताय व्हय?’’ आई आतून ओरडली.

‘‘पुसून देतो!’’

चारही रॉडांची वजनं वेगवेगळी निघाली. असे रॉड घातले तर इंजिन आतल्या आतच हादरत राहणार. आबांनी ते जसेच्या तसे गुंडाळून परत पाठवले. त्या दिवशी ते खचल्यासारखे वाटले. पायरीवर बसून बराच वेळ चपलेची माती काडीनं काढत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फटफट करत चाचांची स्कूटर दारात आली. कुपवाडहून कुंडलपर्यंत, ऐन उन्हात, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. पायाशी मोजमापाच्या हत्यारांची पेटी. त्यांना कुणी कळवलं होतं ते मला ठाऊक आहे, पण आईनं आजवर कबूल केलेलं नाही.

‘‘फौजी, राग गेला का?’’

‘‘राग कसला? च्या घे आदी.’’

एवढ्यावर भांडण मिटलं. दोघं शेडमध्ये खाटेवर बसले आणि मी मध्ये. चाचांनी माझंही ऐकलं, आबांचंही. मग तुटलेला तुकडा मागवून घेतला आणि माझ्या हातात दिला. ‘‘ह्याला विचार, कशानं तुटला.’’ तो वरून आलेल्या दाबानं वाकला होता. मग दाब सोसणारा ताठ दांडा हवा, म्हणजे ‘आय’. तिथं आबा जिंकले. बोल्ट मात्र त्यांनी सुचवले त्याहून वरच्या प्रतीचे घ्यायचे आणि टर्बोचा जोर थोडा कमी ठेवायचा, असं ठरलं. आणि सगळ्यात जाड रॉड बाद झाला, मधला घेतला. तिथं मी जिंकले.

दुसरे रॉड आले ते काळपट होते, चमक अजिबात नव्हती. चाचांनी एकेक दोरीला टांगून छोट्या हातोडीनं टिचकी मारली. चारही एकसारखे वाजले. आम्ही तिघंही कान देऊन उभे होतो. मग ते खरोखरच्या तपासणीला सांगलीला पाठवले, चिरा नाहीत ना ते बघायला. ‘‘कानाला बरं वाटावं म्हणून वाजवलं,’’ चाचा म्हणाले.

इंजिन बांधायचं काम कुपवाडलाच झालं. दुसरा ब्लॉक मिळवला होता. घट्ट करण्याआधी आणि केल्यानंतर प्रत्येक बोल्ट किती ताणला गेला ते चाचा मोजायचे. आबांनी पाना हातात घेतला, पहिला बोल्ट आवळला, दुसरा अर्धा आवळला आणि थांबले. खांदा साथ देत नव्हता. फौजेत असताना कधीतरी निखळलेला खांदा. त्यांनी पाना माझ्यापुढं धरला. उरलेले सगळे बोल्ट मी आवळले. आबा प्रत्येक वेळी ‘‘सावकाश, सावकाश’’ म्हणत होते आणि चाचा त्यांना ‘‘गप रं गड्या, करू दे तिला’’ म्हणत होते.

पुढच्या हंगामात आम्ही त्याच माळावर गेलो. माझा नंबर पहिल्या तिघांत आला नाही. एका वळणावर गाडी जास्तच घसरली आणि तिथं वेळ गेला. पण त्या सरळ पट्ट्यावर मी चौथ्यात पाय दाबला तेव्हा इंजिन एका सुरात ओरडत वर चढलं, आणि मला भीती वाटायची राहूनच गेली. खाली उतरले तर आबा आणि चाचा दोघंही बॉनेटला कान लावून उभे. बक्षीस समारंभाला कुणीच थांबलं नाही. सरळ कुपवाड गाठलं, इंजिनाचं तेल काढलं, खालचं झाकण उघडलं आणि रॉडांची बेअरिंग बाहेर काढून पाहिली. सगळी एकसारखी घासलेली होती, कुठं ओरखडा नव्हता. चाचांनी एक बेअरिंग अंगठ्यानं पुसली. ‘‘आता जेवू,’’ म्हणाले. त्यांच्या घरी त्या दिवशी मटण होतं. आबांनी इतकं खाल्लं की घरी आल्यावर आईनं त्यांना ओवा दिला.

असे काही हंगाम गेले. ते आमच्या तिघांचे दिवस होते. माझं लग्न झालं, साताऱ्यात घर झालं, माळावरची शर्यतही हळूहळू बंद पडली. चाचा गेल्या वर्षी गेले. आबा मातीला जाऊन आले आणि नंतर कितीतरी दिवस शेडचं दार त्यांनी उघडलं नाही. चाचांची मुलं आता दुकान चालवतात. नवी मशिनं घेतली आहेत, आबांना आग्रहानं बोलावतात. ते जातात, स्टुलावर बसतात, चहा पिऊन येतात.

परवा ते साताऱ्याला आले ते शर्यतीची गाडी घेऊनच. जपून चालवत आणली होती. म्हणाले, ‘‘पाचगणीला नेतीस का? स्ट्रॉबेरी खाऊ.’’ वाईच्या पुढं घाट लागला. मी सवयीनं खालचा गिअर टाकला, टर्बोनं हळूच शीळ घातली आणि गाडी ओढायला लागली. आबांचं काहीतरी ऐकू येईल म्हणून मी वाट बघितली. ‘‘सावकाश’’ म्हणतील, तेलाचा काटा बघ म्हणतील.

दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत आबा आयुष्यात कधी झोपले नव्हते. फौजेच्या ट्रकमध्येही नाही, लग्नाच्या वऱ्हाडातही नाही. वळण घेऊन मी शेजारी पाहिलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, बारीक घोरणं, मांडीवर चष्मा. मी माझ्या बाजूची काच वर घेतली, त्यांना वारा लागू नये म्हणून, आणि घाट चढत राहिले.