आईच्या भांडणाचा आलेख

आमची आई भांडायची ती अर्ध्या आगाशी गावाला ऐकू जाईल अशी. केळीच्या वाडीत ती या टोकाला उभी असली, तरी त्या टोकाला शेजाऱ्याचा कुंपणावरचा हात आपोआप मागे जायचा. मला त्या आवाजाचा लहानपणापासून वैताग. त्यामुळे तीनेक वर्षांपूर्वी तिची भांडणं मधेच विझायला लागली तेव्हा मला काय वाटलं? खोटं कशाला बोलू, आनंद झाला. सुरुवात दणक्यात व्हायची, मग आठ-दहा वाक्यांनी आवाज नाकातून यायचा, शब्द बोबडे व्हायचे आणि ती हात झटकून आत निघून जायची. "वय झालं, निवळली," असं म्हणून बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी तेव्हा पीएचडीच्या नावाखाली घरात बसून होते. विषय सांगितला की पाहुणे चहा लवकर संपवतात, तरी सांगते. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या बारीक पुड्या सोडून. एका निरोपाला किती पुड्या सुटतील याचा काही भरवसा नाही; कधी पाच, कधी दोन, कधी साफ शून्य. लागोपाठ निरोप धाडले की पुड्यांचा साठा आटतो आणि पलीकडचं उत्तर क्षीण होत जातं. जरा उसंत दिली की साठा पुन्हा भरतो. हा लहरीपणा गणितात बसवायचा, एवढंच माझं काम. तेही धड जमत नव्हतं.

एका दुपारी गाईडने व्हिडिओ कॉलवर माझी बिनपाण्याने केली. मी दहा-दहा निरोपांची उत्तरं एकत्र करून त्यांची सरासरी काढली होती. "पहिलं कुठलं आणि दहावं कुठलं तेच पुसून टाकलंस! सगळी गंमत त्या क्रमात होती!" कॅमेरा बंद करून मी आधी रडून घेतलं, मग दहाही उत्तरं गुपचूप ओळीने मांडली. पडद्यावरची रेघ उंचावरून घसरत घसरत खाली आली. तेवढ्यात खिडकीबाहेर आई नारळ पाडणाऱ्याला झापायला लागली. पहिलं वाक्य खणखणीत. चौथं बरं. नववं नाकात. मग गप्प. पाच मिनिटांनी ती पुन्हा बाहेर आली आणि पहिलं वाक्य पुन्हा खणखणीत!

मी पुन्हा पडद्यावरची रेघ पाहिली; हीच घसरण, आणि उसंत मिळाली की हाच भरलेला साठा. संध्याकाळी जेवताना तिला ठसका लागायचा, घास घशात थांबायचा, आणि आम्ही "सावकाश जेव गं" म्हणून मोकळे होत होतो.

माणिकपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांसमोर मात्र ती अगदी गरीब गाय झाली. सकाळचा पहिला नंबर, ठेवणीतली साडी, आणि प्रत्येक प्रश्नाला, "काही नाही हो डॉक्टर, मुलगीच घाबरट आहे." डॉक्टरांनी हातपाय तपासले, डोळे पाहिले, थकवा असेल म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेलकडे हात नेला. आता काय करणार? मी आईकडे वळून म्हटलं, "बाबा बावखल बुजवतायत. गाडी लावायला जागा हवी म्हणून. मी हो म्हटलंय."

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. आईचा जीव आहे त्याच्यावर. ती डॉक्टर विसरली, साडी विसरली. "तुझ्या बापाने एक कळशी तरी उचलली का त्यातली?" इथून जी सुटली! बाबांनी असं काही ठरवलंच नव्हतं; ते बिचारे बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होते. डॉक्टर मधे पडायला लागले, तर मी त्यांनाच हाताने थांबवलं. मी वाक्यं मोजत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती. सातव्याला आवाज नाकात गेला. दहाव्याला शब्द एकमेकांत मिसळले. डावी पापणी हळूहळू खाली उतरली. डॉक्टरांनी बेलवरचा हात काढला आणि खुर्ची पुढे ओढली.

तपासण्या झाल्या, नाव कळलं. मायस्थेनिया. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नस निरोप नीट पाठवते, पण स्नायूवर तो झेलणाऱ्या जागाच कमी झाल्यात. म्हणून थोडं बोललं की पुढचं पोचत नाही. "पाठवणाऱ्यात काही दोष नाही," ते म्हणाले.

"ऐका," आई बाबांना म्हणाली.

गोळ्या लागू पडल्या. महिन्या-दीड महिन्याने एका संध्याकाळी मी ओला टॉवेल गादीवर टाकला आणि आई सुरू झाली. दहा वाक्यं झाली, वीस झाली, आवाज तसाच. टॉवेलवरून गाडी माझ्या लग्नावर, तिथून बाबांच्या टीव्हीवर, आणि मग आवाज विझायला लागल्यापासूनच्या दीड वर्षात ती जिथे कधी पोचलीच नव्हती तिथे आली.

"माझा आवाज जात होता आणि तुम्हाला बरं वाटत होतं. मला काय कळत नव्हतं? जीभ वळेना झाली की आत जाऊन ओटा धरून उभी राहायचे. वाटायचं, येईल आता कोणीतरी, विचारेल. एकजणही आला नाही."

बाबांनी टीव्ही बंद केला. मी कसंबसं म्हटलं, "आई, चुकलं गं..."

"मधे बोलू नकोस," ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."