टेप नसलेला सांधा

उशीवर डोकं टेकलं तरी सुनेत्राची नजर भिंतीवरच आहे. जिप्सम बोर्डाची ही भिंत दिवाळीच्या आधी तिच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः उभी केली. संक्रांत यायच्या आत ते गेले. आज सकाळी उशीजवळच्या सांध्यात केसाएवढी चीर दिसली. दुपारच्या उन्हात ती चीर रुंद होते, मिटते, पुन्हा रुंद होते. पापण्या जड होतात.

"काय बघतेस? मास्तरांचं काम तपासतेस होय?"

अण्णा स्टुलावर बसलेत. भुवयांवर पांढरी भुकटी, हातातल्या पत्तीवर सांधे भरायची ओली लांबी.

"तुमच्या सांध्याला चीर गेलीय," ती म्हणते. "आणि दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवायचात."

"ठेवायचोच. आधी लांबी, तिच्यात कागदी टेप, वर पुन्हा लांबी. टेप नसली तरी काही महिने सांधा देखणा दिसतो. मग बोलतो."

खोली त्यांच्या चित्रकलेच्या वर्गासारखी लांब झाली आहे. बाकांच्या जागी बोर्ड उभे आहेत, आणि त्यांच्यामधून अण्णा शेवटी होते त्या दवाखान्याचा व्हरांडा जातो. अण्णा एकेक सांधा बोटांनी चाचपत चालतात. "इथे टेप आहे. इथेही आहे." व्हरांडा तिच्या उशीपाशी संपतो.

"इथे नाही."

"विसरलात?"

"वाकवेना गं. पोटात कळ यायची. कमरेपर्यंत टेप दाबली, खाली नुसतीच लांबी भरली."

"खालचं टोक धरायला मला हाक मारायची. स्वयंपाकघरातच होते मी."

"तू विचारलं असतंस, एवढा घाम का आलाय."

"म्हणजे दुखणं ठाऊक होतं तुम्हाला."

"श्रावणापासून."

"गणपतीत पानावरून मोदक टाकून उठलात, मी रागावले. तेव्हाही?"

"तेव्हाही."

"आणि म्हणालात, ही खोली माझी, दिवाळी झाली की राहायलाच येतो."

"खोली पुरी व्हायला हवी होती, सुनी."

"खोली कुणाला हवी होती, अण्णा?"

ते पत्ती तिच्यापुढे धरतात. "घे, एक हात फिरव. दिसणार नाही."

"तुम्ही फिरवलात तेवढा पुरे."

ती नखांनी सांधा उकरू लागते. अण्णा अडवत नाहीत. फक्त म्हणतात, "डोळे मीट, भुकटी जाईल," आणि लहानपणी धरायचे तसा तळहात तिच्या कपाळावर आडवा धरतात. ती मान झटकून तो हात दूर करते.

डोळे उघडतात तेव्हा ऊन पलंगाच्या पायथ्याशी गेलेलं आहे. नखांत पांढरं भरलंय, उशीवर भुकटी सांडलीय. वीतभर सांधा उघडा पडलाय आणि आत टेप नाही. त्याच्या वर, जिथे लांबी अजून शाबूत आहे, तिथून टेपचं टोक बाहेर आलंय. अण्णा टेप नेहमी ब्लेडनं सरळ कापायचे. हे टोक तिरपं आहे, घाईनं हातानं फाडलेलं.

सुनेत्रा उठून बसते आणि ते टोक चिमटीत धरते.