भाल्याच्या आतलं घर

प्रभाकर गेल्याची बातमी मला सुधीरकडून कळावी, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. ऑफिसात फोन आला. तो साहेबांच्या टेबलावर असतो, म्हणून तिथेच उभं राहून घेतला. "अरे, आपला प्रभ्या गेला. कावीळ अंगावर काढली येड्यानं," सुधीर म्हणाला. पस्तिशीही न गाठलेला माणूस... मी काही बोलायच्या आत हा पुढे म्हणतो, "काय खेळ खेळायचो गा आपण! माझा तो भाला आठवते का तुले?" मी फोन ठेवून दिला. काय झालं म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा मित्र वारला एवढंच सांगितलं. भाल्याचं त्यांना काय सांगणार? महिना उलटलाय, पण तो भाला डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी सुधीरचा अमेरिकेतला आतेभाऊ नागपूरला आला, तेव्हा त्याच्याकडे एका खेळाचं जाडजूड पुस्तक होतं. खेळ तसा सोपा. टेबलावर घरं आखलेला पट मांडून भोवती बसायचं. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, कुणी शिपाई, कुणी सरदार, आणि एकाने गोष्ट सांगायची. शत्रू कुठून आला, वार लागला की हुकला, हे फाशांवर आणि त्या गोष्ट सांगणाऱ्याच्या निवाड्यावर ठरायचं. आम्ही सीताबर्डीवर पुस्तकाची झेरॉक्स काढून घेतली. आतेभाऊ पुस्तक घेऊन परत गेला आणि मग लक्षात आलं की झेरॉक्सवाल्याने नेमकी दोन पानं गाळली आहेत. घोड्यावर बसून लांब हत्याराने कसं लढायचं, ती. तलवारीचे नियम होते, धनुष्याचे होते, भाल्याचे नव्हते. आणि आम्हाला तर सगळ्यांना भालाईतच व्हायचं होतं! सुधीर म्हणाला, भाऊला पत्र टाकतो. प्रभाकर म्हणाला, "पत्र कायले? भाला का अमेरिकेतच असते का?"

आमच्यात गोष्ट सांगणारा आणि निवाडा देणारा प्रभाकरच. तो तांडापेठेतल्या विणकराच्या घरातला. बी.ए. होऊन घरी बसलेला, आणि अशा माणसाला नियम करायला वेळच वेळ असतो. त्याने एका टांगेवाल्याला चहा पाजून घोडा सोडवून घेतला, हातात लांब बांबू घेतला आणि वर बसला. मी खाली, हातात पत्र्याचं झाकण ढाल म्हणून. लांब उभा राहिलो की बांबू बरोबर छातीवर यायचा. पण धावत जाऊन घोड्याच्या खांद्याला चिकटलो की प्रभाकरचं काही चालेना. बांबू माझ्या पाठीमागे हवेत, आणि मी त्याचा पाय धरून ओढतोय. टांगेवाला ओरडत होता, "अरे, गिर जाएगा, बाबू!" आणि बाबू खरोखरच पडले. कोपर सोलून निघालं होतं, पण उठता उठता म्हणाला, "भेटला नियम."

तो नियम असा. भाला दुसऱ्या घरातल्याला लागतो, लगतच्या घरातल्याला लागत नाही. शत्रू भाल्याच्या आत शिरला की एक तर घोडा मागे घ्यायचा, नाही तर भाला टाकून तलवार काढायची. दोन्हींत एक डाव जातो, आणि त्या डावात शत्रू वार करून घेतो. प्रभाकरच्या घरच्या मागावरच्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या हे आमचे घोडेस्वार, आणि त्यांत खोचलेला सायकलच्या स्पोकचा तुकडा हा भाला. कांडी कुणाची ते कळावं म्हणून तिच्यावर सूत गुंडाळलेलं, माझ्या कांडीवर हिरवं, सुधीरच्या लाल. माझा स्वार याच नियमाने मेला. मागे नदी, पुढे भाल्याच्या आत शिरलेला पठाण. मी पुष्कळ गयावया केली. महिनोन्‌महिने सांभाळलेला माणूस होता तो! प्रभाकरचे डोळे भरून आले होते, थट्टा नाही करत, खरंच भरले होते. पण म्हणाला, "मी काय करू गा? आत आला ना तो." आणि माझी कांडी त्याने आपल्या हाताने आडवी केली. त्या दिवशी मी चिडून घरी गेलो खरा, पण माणूस म्हणून तो मला फार मोठा वाटला.

म्हणूनच पुढचं झोंबतं. सुधीरचे वडील एका मोठ्या कचेरीत वरच्या जागेवर होते. तिथे कारकुनाची जागा निघाली, प्रभाकरची मुलाखतही झाली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही खेळायला बसलो आणि सुधीरचा लाल स्वार तसाच सापडला. मागे खंदक, लगतच्या घरात शत्रू. सुधीरने खुशाल फासे उचलले. "भाला मारला!" मी म्हटलं, आत आहे तो, लागत नाही. सुधीरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रभाकरकडे पाहून हसत म्हणाला, "तूच सांग. काल बाबा तुझीच गोष्ट काढून राहिले होते." प्रभाकर बराच वेळ त्या कांडीकडे पाहत राहिला. घोड्यावरून पडून सोललेलं ते जुनं कोपर उगाच चोळत... मग खालच्या मानेने म्हणाला, "टाक फासे." फासे चांगले पडले. शत्रू मेला, सुधीरने टाळी वाजवली. चहा आला, तो प्यायलो.

नोकरी लागलीच नाही. ती जागा सुधीरच्या मावसभावाला मिळाली. प्रभाकरने पुन्हा खेळ मांडलाच नाही. विचारलं की म्हणायचा, "मन नाही लागून राहिलं." पुढे एका सुताच्या दुकानात हिशेब लिहू लागला, लग्न केलं, हुडकेश्वरकडे दोन खोल्या घेतल्या. मला त्याचा राग यायचा आणि त्या रागाचीच लाज वाटायची. एका नोकरीसाठी माणूस किती वाकतो, हे मी पाहिलं होतं. आणि ज्याने वाकवलं, त्याला आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता. हे मला आजही सहन होत नाही.

तेराव्याला सुधीर आला होता. पाटावर बसून चारचौघांना त्या वाराची गोष्ट सांगत होता. "प्रभाकर म्हणजे फार कडक माणूस, पण माझा भाला त्यानं मानला!" लोक माना डोलवत होते. सुधीर उठून घरी गेल्यावर मी भिंतीतल्या कोनाड्याकडे पाहिलं. आमच्या कांड्या तिथे ओळीने उभ्या होत्या. माझी हिरवी तेवढी आडवी, ते ठीकच. तिच्या शेजारी लालही आडवी. पडली असेल म्हणून मी हात पुढे केला, तशी प्रभाकरची बायको, शोभावहिनी, म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. झाडताना मी एकदा उभी केली होती, तं यायनं लगेच पुन्हा निजवली. म्हणे, तो मेलेला आहे."

मी हात मागे घेतला. हे त्या दुपारी म्हणायचं होतंस, प्रभाकर... घरी येऊन कोनाड्याला सांगून काय उपयोग? सुधीर त्याच कोनाड्याखाली बसून पोटभर जेवून गेला. त्याने नुसती मान वर केली असती, तरी आपण त्याच रविवारी मेलोय हे त्याला दिसलं असतं.