दिनानाथरावांची जायफळाची कॉफी

दिनानाथ सबनीस बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. सव्वीस वर्षं प्रत्येक अर्जाला पोच दिलेला माणूस. अर्ज फेटाळला जाणार हे माहीत असलं तरी पोच द्यायचीच. अशा माणसाने १९९९ साली घराजवळच, वाशीच्या सायबर कॅफेत बसून कॉफीच्या शौकिनांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एकाची ईमेल सगळ्यांना जाते अशा यादीवर, नाव घातलं आणि बिचाऱ्याचं डोकं चक्रावलं.

नाव घालण्याचं कारण साधंच होतं. त्यांची बायको, राजलक्ष्मी, वर्षापूर्वी गेली. तिच्या हातची जायफळाची कॉफी त्यांना एकदा तरी पुन्हा प्यायची होती. स्वतः करून पाहिली, तर कधी कडूजहर, कधी नुसतंच गोड दूध. म्हणून त्यांनी कीबोर्डवरची एकेक कळ शोधत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिस्टवर विचारलं, "जायफळ दूध उकळताना घालायचे की खाली उतरवल्यावर? कळावे."

उत्तरं आली अकरा. बिया कशा भाजाव्यात, किती जाड दळाव्यात, पाणी किती तापवावं. दुधात उकळलेल्या कॉफीला कॉफी म्हणूच नये, असं एकाने बजावलं. वाशीचेच कोणी जयप्रकाश होते, त्यांनी एका ओळीत निकाल लावला, "नवीन लोकांनी आधी जुने मेसेज वाचावेत." जायफळाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शहाण्यांची ही खोडच असते, विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगतील.

दिनानाथरावांना तो वरिष्ठांचा आदेश वाटला. त्यांनी जुने मेसेज छापून घेतले, पंच करून टॅग लावला, पानांवर क्रमांक टाकले आणि पंधरा दिवस डबा खाता खाता वाचले. चारशे बारा पानं! त्यातून कळलं ते इतकंच, की नवा माणूस येतो, एक प्रश्न विचारतो आणि पुन्हा दिसत नाही. ते गोंधळूनच गेले. इतके अर्ज आले, आणि पोच एकालाही नाही?

मग ते काम त्यांनीच अंगावर घेतलं. कुणी नवा आला की कचेरी सुटल्यावर ते कॅफेत जाऊन लिहायचे, "आपला प्रश्न मिळाला. मला उत्तर येत नाही, पण आपण थांबावे." जाणकार मंडळी हसली. लोक मात्र खरोखरच थांबायला लागले. का, ते दिनानाथरावांनाही उमगेना. त्या थांबलेल्यांतल्या नाशिकच्या वेणूबाईंनी एक दिवस लिहिलं, "जायफळ उतरवल्यावर घाला आणि दोन मिनिटं झाकण ठेवा."

रविवारी सकाळी त्यांनी तशी कॉफी केली. छान झाली होती. पण हीच का ती? आणखी एक घोट घेतला, कप रिकामा झाला, तरी ठरेना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की राजलक्ष्मीच्या कॉफीची चव त्यांना आठवतच नाही. त्यांना भयंकर अपराधी वाटलं.

सोमवारी त्यांनी लिस्टवर लिहिलं, "कॉफी चांगली झाली. पण आमची ही वर्षापूर्वी गेली, तिच्या हातच्यासारखी झाली की नाही, समजत नाही. हे कसे ओळखावे?"

तिसऱ्या दिवशी जयप्रकाशांचा मेसेज आला, "सबनीस, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर जायफळाची कॉफी मी कधी प्यायलेलोच नाही. वाशीतच राहतो. येऊ का?"

"या" एवढंच लिहायला दिनानाथरावांना फार वेळ लागला. डोळे भरून आले होते, कळाच दिसत नव्हत्या.